विश्लेषण : समुद्रातले प्रवाळ मोजतात, मग आपल्या तलावांचा तळ कोण मोजणार?

दरवर्षी जूनमध्ये, पावसाळा लागण्याच्या तोंडावर, गोंदिया जिल्ह्यात सारस मोजले जातात. पहाटेच्या अंधारात स्वयंसेवक, शेतकरी आणि वनविभागाचे कर्मचारी ठरलेल्या तलावांवर आणि नदीकाठांवर जाऊन बसतात. सगळीकडे एकाच वेळी मोजणी होते, त्यामुळे तीच जोडी दोनदा नोंदली जाण्याची शक्यता कमी राहते. ही मोजणी वर्षानुवर्षे सुरू असल्यामुळेच आज दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. महाराष्ट्रातील जवळजवळ सगळे सारस गोंदियाच्या आसऱ्याला आहेत आणि त्यांची संख्या काही डझनांपलीकडे नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर जिल्हा पातळीवर सारस संवर्धन समित्या आल्या. आकडे नसते तर हा प्रश्न ‘आमच्याकडे पूर्वी पुष्कळ पक्षी होते’ एवढ्यावरच राहिला असता.

सारस उंच आहे, जोडीने फिरतो, लांबून दिसतो. तो ज्यावर जगतो ते मात्र दिसत नाही. तलावाच्या चिखलातले कंद, पाण्यातले किडे, गोगलगाई, लहान मासे आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारे पाण्याखालचे गवत. त्याच तळावर ढिवर समाजाची चूलही पेटते. पक्ष्यांची मोजणी होते, तशी या तळाची मोजणी जिल्हाभर का होऊ नये? हा प्रश्न समजून घ्यायला थोडे दूर, थेट समुद्राच्या तळाशी जावे लागेल.

प्रवाळांचे सर्वेक्षण म्हणजे नेमके काय?

प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा, पण सजीव प्राणी. लाखो सूक्ष्म जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात आणि त्या घरांची मिळून भिंत उभी राहते. त्यांच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडतात. ताप लवकर उतरला तर ते सावरतात, लांबला तर मरतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची जागतिक पातळीवरची चौथी घटना जाहीर केली.

हे मोजण्याची रीत ऐकायला साधी आहे. पाणबुड्या तळावर मोजपट्टी अंथरतो. ठरावीक अंतरावर पट्टीखाली काय आहे ते लिहितो : जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, वाळू, शेवाळ. मग त्याच पट्टीच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या रुंदीत किती आणि कोणते मासे आहेत ते मोजतो. पाण्यात लिहिता येईल अशी पाटी आणि पेन्सिल पुरते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रीफ चेक’ या उपक्रमाने तर ही पद्धत इतकी सोपी केली की, प्रशिक्षण घेतलेला हौशी पाणबुड्याही दर अर्ध्या मीटरवर एक नोंद करून वापरता येण्याजोगी माहिती आणू शकतो.

खरी अडचण पद्धतीत नाही, सातत्यात आहे. एकदा मोजले तर छायाचित्र मिळते. तीच जागा, तोच हंगाम आणि तीच रीत ठेवून वीस वर्षे मोजले तर कारण सापडते.

एवढ्या दूर जाऊन मोजायचे कशासाठी?

लक्षद्वीपचे उदाहरण घ्या. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती या बेटांवर शास्त्रज्ञांनी १९९८ पासून प्रवाळांचा मागोवा ठेवला. त्या वर्षी तळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. २०२२ पर्यंत तो २० टक्क्यांच्या खाली आला. मधल्या काळात १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन मोठ्या उष्णतेच्या लाटा येऊन गेल्या. दोन लाटांमधला मोकळा काळ प्रवाळांना सावरायला किती उपयोगी पडला, हे केवळ न थांबलेल्या मोजणीमुळे कळले.

आपल्या राज्यातही असे दूरचे ठिकाण आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर येतो. कान्होजी आंग्रे यांच्यावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथे प्रवाळ आहेत, माशांची रेलचेल आहे, पण किनाऱ्यावरून काहीच दिसत नाही. १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीपलीकडची ही जागा संशोधन नौकांनी तिथवर जाऊन, पाणबुडे उतरवून नोंदवली म्हणून तिच्या संरक्षणाची चर्चा तरी सुरू झाली. जे मोजले जात नाही ते नकाशावर निळ्या रंगाचा नुसता ठिपका असते.

या मोजणीत गाव कुठे येते?

इथेच सगळी मेख आहे. मोजणी कोणी केली आणि तिचा निष्कर्ष कोणाच्या हातात राहिला, यावर पुढचे संवर्धन टिकते की मोडते हे ठरते.

फिजी बेटांवरील उकुनिवानुआ या गावात खाण्याचे शिंपले कमी होऊ लागले होते. तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी गावकऱ्यांना दोरी टाकून शिंपले मोजायला शिकवले. १९९७ मध्ये गावाने आपल्या रूढीचा आधार घेऊन सुमारे २४ हेक्टरचा पट्टा शिंपले काढण्यासाठी बंद केला. काही वर्षांनी बंद पट्ट्यातच नव्हे, शेजारच्या खुल्या पट्ट्यातही शिंपले कित्येक पटींनी वाढले. आकडे गावकऱ्यांनी स्वतःच मोजलेले असल्याने ते कोणाला पटवून द्यावे लागले नाहीत. शेजारची गावेही त्याच वाटेने गेली.

उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ वाचावेत हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांची जाळी त्या पाण्यात पडत होती, त्यांना हे अभयारण्य आपल्या डोक्यावर आणून ठेवलेले वाटले. मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षे चालला. कागदावर रेषा ओढणे सोपे असते, पाण्यात रेषा दिसत नाही. ती पाळणारा माणूस लागतो आणि ती का ओढली हे त्याला पटलेले असावे लागते.

गोंदियात समुद्र नाही, मग हे सगळे कशाला?

गोंदियात समुद्र नसला तरी तलाव आहेत. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलीत त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उताराचा, मातीचा आणि पाण्याचा अंदाज घेऊन ही पाळ बांधली. नवेगावबांधच्या विस्तीर्ण तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. धानाला पाणी आणि घराला मासळी, अशी ही जोडव्यवस्था होती. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. पाणी, मासेमारीचा ठेका आणि काठची जमीन यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होऊ लागले. तळाचे टेबल मात्र कोणाकडेच आले नाही.

समुद्रात प्रवाळ जे काम करतो ते आपल्या तलावात पाणवनस्पती करतात. पाण्याखाली वाढणारे गवत प्राणवायू सोडते. त्याच्या पानांवर सूक्ष्म जीव जमतात, ते माशांच्या पिलांचे पहिले अन्न. त्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिले लपतात. तरंगत्या पानांची कमळे आणि पोयणी पाण्याला सावली देतात. काठावरच्या उथळ पाण्यातले देवधान आणि कंदवाल्या वनस्पती पक्ष्यांना खाद्य देतात. मरळ, मागूर, शिंगी या स्थानिक माशांचे घर म्हणजे ही झाडी. झाडी गेली की पाणी उरते, तलाव उरत नाही.

तळ बिघडतो कसा?

पहिले कारण बेशरम. नावाला जागणारी ही परदेशी वनस्पती उथळ काठ व्यापते. तिथेच माशांची पिले वाढतात आणि तिथेच सारस चरतो.

दुसरे कारण मत्स्यबीज. उत्पादन वाढावे म्हणून तलावांत रोहू, कटला, मृगळ आले. त्यांच्यासोबत गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही आले. गवत्या पाण्याखालचे गवत खातो. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग खालपर्यंत ऊन पोहोचत नाही आणि उरलेले गवतही जाते. बंदिस्त शेततळ्यात याने फारसे बिघडत नाही. शेकडो वर्षांच्या तलावात मात्र हा घरच्याच भिंती खाणारा पाहुणा ठरतो.

तिसरे कारण गाळ काढण्याची घाई. गाळ काढलाच पाहिजे, त्याने पाणीसाठा वाढतो आणि शेताला सुपीक माती मिळते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू म्हणूनच रास्त आहे. पण वरच्या थरातच पाणवनस्पतींचे कंद आणि बी असते. यंत्राने तळ सरसकट खरवडला तर पाणी वाढते आणि जीव घटतो. कुठला कोपरा राखायचा हे ठरवायला तिथे काय आहे याची यादी लागते. ती यादी यंत्र उतरण्याआधी तयार हवी.

चौथे कारण विस्मरण. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एक निरीक्षण मांडले. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेले पाणी हेच मूळ मानते आणि त्याआधी किती गेले याचा तिला पत्ता नसतो. आजच्या पंचविशीतल्या तरुणाला बेशरमीने वेढलेला तलाव हाच तलाव वाटतो. नोंद नसली की नुकसानही नसते.

तळ मोजायचा कसा?

यासाठी पाणबुडी लागत नाही. दर दहा मीटरवर गाठ मारलेला दोर काठापासून तलावाच्या मध्याकडे ताणायचा. प्रत्येक गाठीपाशी बांबूची एक मीटर लांबरुंद चौकट ठेवायची. चौकटीत कोणती वनस्पती किती भागात आहे ते लिहायचे. खोली काठीने मोजायची. वीस सेंटीमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते पाहिले की पाण्याची पारदर्शकता कळते. दोर दरवेळी त्याच खुणेपासून ताणायचा, म्हणजे गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना होते.

माशांसाठी रोजची जाळीच पुरेत. फक्त जाळ्याची लांबी, आसाचे माप आणि ते किती तास पाण्यात होते हे लिहायला हवे. समजा, गेल्या वर्षी एका जाळ्याला रात्रीत तीन किलो मासळी लागत होती आणि यंदा तीच तीन किलो मिळवायला दोन जाळी लावावी लागली. बाजारात गेलेली मासळी तेवढीच दिसते, पण तलाव निम्म्यावर आलेला असतो. एकूण उत्पादनाचा आकडा ही घसरण लपवतो, जाळ्यामागचा आकडा ती उघडी पाडतो. म्हणून संस्थेच्या वहीत किलोसोबत जाळी आणि तासही यायला हवेत.

ही हवेतली कल्पना नाही. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी काही तलावांत आधी बेशरम उपटली, तळ नांगरला आणि चांगल्या तलावांतून आणलेल्या स्थानिक वनस्पती लावल्या. कोणते गवत कोणत्या माशाच्या कामाचे, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. ते जाळे टाकणाऱ्यांकडे होते, त्याला नोंदीची जोड मिळाली. या कामात गावातील महिला पुढे आल्या, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्या तलावात त्यांना पूर्वी फक्त मासळी विकण्यापुरते स्थान होते, त्याच्या निर्णयात त्यांचा आवाज आला.

मच्छीमारांच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

हा आक्षेप हमखास येतो. ज्याचा पोटाचा संबंध आहे तो आपल्या सोयीचे लिहील, असे म्हटले जाते. शंका चुकीची नाही, तिच्यावरचा उपाय मात्र सोपा आहे. सारसांच्या गणनेत एका गावाचा माणूस दुसऱ्या गावाच्या तलावावर बसू शकतो, तसे इथेही करता येईल. दहापैकी एक-दोन तलावांवर प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच खुणेपासून पुन्हा मोजणी करावी. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत आली तर तिसऱ्यांदा मोजावे. प्रत्येक नोंदीसोबत चौकटीचे छायाचित्र ठेवावे. आज गावोगावी मोबाइल आहे, छायाचित्रावर तारीख आणि ठिकाण आपोआप येते.

उपग्रहाचे चित्र असताना हे कशाला, असेही विचारले जाते. उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, बेशरमीचा हिरवा पट्टाही दिसतो. गढूळ पाण्याखाली गवत आहे की नुसता चिखल, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी पाय ओले करावेच लागतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लोकांच्या मोजणीचा अर्थ लोकांकडून फुकट राबवून घेणे असा होता कामा नये. मोजणीच्या दिवसाची मजुरी बुडते. ती भरून देणे हा या कामाचाच खर्च आहे.

कायदा कुठे अडतो, कुठे मदत करतो?

पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले. त्या नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेली तळी वगळली आहेत. मामा तलाव माणसाने बांधलेले आणि धानासाठी बांधलेले. म्हणजे ज्या तलावावर सारस उतरतो, तो याच कारणाने संरक्षणाबाहेर राहू शकतो. शेकडो वर्षांत तो निसर्गाचाच भाग झाला आहे, हे सिद्ध करायला पुन्हा नोंदीच लागतील.

मदत करणारे कायदेही आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर देशभर या नोंदवह्या तातडीने तयार झाल्या. घाईत भरलेल्या वहीत तलावाचे नाव आणि क्षेत्रफळ सापडेल, तळाचे गवत सापडेलच असे नाही. ती पाने आता भरता येतील. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर जलाशयांतील मासे आणि इतर उत्पादनांवरचे सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेले आहेत. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या जंगलाच्या तालुक्यांत हा आधार मोलाचा आहे.

आता काय व्हावे?

मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, तलावाचे काम मंजूर करताना, मग ते गाळ काढण्याचे असो, पाळ दुरुस्तीचे असो की सुशोभीकरणाचे, तळाची नोंद जोडणे सक्तीचे करावे. नोंद नाही तर यंत्र नाही. दुसरी, मासेमारीच्या ठेक्याच्या अटींत वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि पावसाळ्याआधी, तळ आणि जाळ्याची मोजणी घालावी. ती करणाऱ्या संस्थेला ठेक्याच्या रकमेत सूट द्यावी. तिसरी, ज्या मामा तलावांत स्थानिक झाडी अजून शाबूत आहे तिथे गवत्या आणि सायप्रिनसचे बीज सोडणे थांबवावे. असे तलाव कोणते, हे मोजणीच सांगेल. चौथी, सारस संवर्धन समितीच्या बैठकीत पक्ष्यांच्या आकड्यांशेजारी त्यांच्या तलावांच्या तळाचे आकडे ठेवावेत आणि मच्छीमार संस्थांच्या प्रतिनिधींना, त्यातही महिलांना, त्या बैठकीत खुर्ची द्यावी.

पाचवी गोष्ट मागणी नाही, पथ्य आहे. मोजणीचे आकडे सरकारी फाइलमध्ये जाण्याआधी ग्रामसभेत वाचले जावेत. ज्यांनी मोजले त्यांना निष्कर्ष आधी कळला पाहिजे. मालवणला जे झाले ते इथे होऊ द्यायचे नसेल तर याला पर्याय नाही.

लक्षद्वीपच्या प्रवाळांवर समुद्राच्या उष्णतेचे संकट आहे आणि ते कवरत्तीच्या कोळ्याच्या हातात नाही. आपल्या तलावांचे तसे नाही. बेशरम इथलेच हात उपटू शकतात. कोणते बीज सोडायचे हे इथल्याच कार्यालयात ठरते. गाळ कुठून काढायचा आणि कुठे ठेवायचा हे इथलीच ग्रामसभा सांगू शकते. प्रवाळांपेक्षा आपले काम सोपे आहे आणि म्हणूनच ते न करण्याला सबबही कमी आहे. पुढच्या जूनमध्ये सारस मोजायला काठावर बसणाऱ्यांसोबत, दोर आणि चौकट घेऊन पाण्यात उतरणारेही असावेत.